स्टेंट बनवणारे हात: वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यातील काम, आरोग्य आणि नोकरीचे भवितव्य

घरात कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर डिस्चार्जच्या फाइलमध्ये एक छोटे कार्ड किंवा स्टिकर असते. त्यावर स्टेंटचे नाव, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. बहुतेक कुटुंबे ते विम्याच्या कागदांबरोबर ठेवून देतात आणि विसरून जातात. त्या लॉट नंबरचा माग काढत गेलात तर तुम्ही एका कारखान्यातल्या टेबलापाशी पोहोचता. तिथे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली एक तरुण मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली असते आणि तिच्या शेजारी तिनेच सही केलेला एक कागद असतो.

दवाखान्यात हल्ली दोन प्रश्न वरचेवर येतात. पहिला रुग्णाच्या नातेवाइकांचा: ‘भारतीय बनावटीचे चालेल ना, डॉक्टर?’ दुसरा अनेकदा त्याच घरातल्या आईवडिलांचा: ‘मुलीला उपकरणांच्या कंपनीत नोकरी मिळते आहे. तब्येतीला काही धोका नाही ना? आणि पुढे काही होईल का तिचे त्यात?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी शोधावे लागते. ते ठिकाण म्हणजे त्या मुलीची पाळी, तिची रजा आणि तिच्या नोकरीचा कागद.

हे कारखाने आत्ताच का वाढत आहेत

भारतात वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांपैकी साधारण ७० ते ८० टक्के आयात होतात, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली आणि देशी स्टेंटची चर्चा घराघरांत पोहोचली. त्याच वर्षी वैद्यकीय उपकरण नियम आले. १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. कमी जोखमीच्या ‘ए’ आणि ‘बी’ वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, तर जास्त जोखमीच्या ‘सी’ आणि ‘डी’ वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला.

दुसऱ्या बाजूने पैसाही आला. उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेत उपकरणांसाठी ३,४२० कोटी रुपयांची तरतूद झाली. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय धोरणाने ११ अब्ज डॉलरचा हा उद्योग २०३० पर्यंत ५० अब्ज डॉलरवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. विशाखापट्टणमला केवळ वैद्यकीय उपकरणांसाठी मोठी वसाहत उभी राहिली. पालघरला लागून असलेल्या वापीत आणि सुरतेत स्टेंट बनतात. फरिदाबादच्या पट्ट्यात सिरिंज आणि सलाइनचे सेट बनतात. वसई-पालघर आणि पुण्याच्या आसपास इम्प्लांट व इतर उपकरणांचे लहान-मोठे कारखाने आहेत.

धोरणाच्या कागदात उद्योगाचे आकडे आहेत, परवान्याच्या कागदात उपकरणाचा दर्जा आहे. कामगार या दोन्ही कागदांत कडेकडेने येतो.

आत नेमके काय काम असते

उपकरणांचा कारखाना म्हटल्यावर मोठी यंत्रे डोळ्यांसमोर येतात. मशीन असतातच, पण कॅथेटर, स्टेंट, सलाइन सेट अशा वस्तूंमध्ये बरेच काम अजूनही हातांनी होते. स्टेंटच्या धातूच्या तारेची जाडी ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे साधारण तुमच्या केसाएवढी. लेझरने कापलेल्या नळीवर कुठे खडबडीत कड राहिली आहे का, तो फुग्यावर नीट बसला आहे का, हे कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असते. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, पाळी संपेपर्यंत.

हे काम ‘क्लीनरूम’मध्ये चालते. या खोलीत हवा गाळून सोडलेली असते, तापमान आणि आर्द्रता बांधलेली असते. अशा खोलीत सर्वांत जास्त कण सोडतो तो माणूस, कारण त्वचेचे बारीक पापुद्रे, केस आणि श्वासातले थेंब सतत बाहेर पडत असतात. म्हणून टोपी, मास्क, अंगभर सूट, हातमोजे आणि बुटांवर आवरण. पावडर, काजळ, नेलपॉलिश चालत नाही. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र बाहेर काढून ठेवावे लागते. नव्याने लग्न झालेल्या मुलींच्या घरी यावरून पहिल्या आठवड्यात कुरबुर होते, ती पुढे मिटते.

मिटत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या. लघवीला जायचे तर पूर्ण सूट उतरवायचा, परत येताना हात धुऊन नवा चढवायचा. त्यात वेळ जातो आणि लाइनवर ठरलेला आकडा तर गाठायचाच असतो. मग मुली पाणीच कमी पितात. सकाळी घरून निघताना दोन घोट आणि थेट जेवणाच्या सुट्टीत एक ग्लास. अशा कामावरची तरुण मुलगी वारंवार लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन आली तर अँटिबायोटिक लिहिण्याआधी मी विचारतो की पाळीत किती वेळा बाहेर पडता येते. मान आणि खांद्यांचे दुखणे, डोळ्यांवरचा ताण, संध्याकाळची डोकेदुखी, अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात कळा, ही या कामाची ठरलेली दुखणी आहेत. थांबून थांबून नजर लांब टाकणे, खुर्ची आणि सूक्ष्मदर्शकाची उंची जुळवून घेणे, दोन तासांनी काम बदलणे यांनी ती बरीच कमी होतात. यातला एकही उपाय महागडा नाही. पण तिन्ही उपाय सुपरवायझरच्या हातात असतात, मुलीच्या नाही.

खोली वस्तूला जपते

आता या लेखातला मुख्य मुद्दा. क्लीनरूम पाहून आईवडिलांना हायसे वाटते. एवढी स्वच्छता, एसी, गाळलेली हवा, म्हणजे मुलगी सुरक्षित. पण ती सगळी व्यवस्था वस्तूला माणसापासून वाचवण्यासाठी आहे. माणसाला कामापासून वाचवणे हा त्या खोलीचा हेतूच नाही.

नियमही तसेच लिहिलेले आहेत. २०१७ च्या नियमांचे पाचवे परिशिष्ट गुणवत्ता व्यवस्थेबद्दल आहे आणि ते आयएसओ १३४८५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वळणावर जाते. त्यात कर्मचाऱ्यांचे आरोग्य, स्वच्छता आणि कपडे यांबद्दल लेखी नियम ठेवा असे सांगितले आहे, पण अट अशी की त्या माणसाच्या संपर्काने उपकरणाच्या दर्जावर परिणाम होत असेल तर. म्हणजे कामगाराला सर्दी झाली तर ती उपकरणाची अडचण म्हणून नोंदवली जाते. कामगाराचे स्वतःचे आरोग्य दुसऱ्या कायद्यांत, दुसऱ्या खात्याकडे आणि दुसऱ्या निरीक्षकाकडे आहे. उपकरणाचा परवाना तपासायला येणारा अधिकारी ओव्हरटाइमचे रजिस्टर मागेलच असे नाही.

रुग्णाला याने काय फरक पडतो? एक साधे उदाहरण घ्या. नियम म्हणतो की ताप, जुलाब, त्वचेवर जखम असेल तर सांगा, तुम्हाला आत पाठवणार नाही. कायम नोकरीतला माणूस सांगतो, कारण त्याला पगारी रजा आहे. रोजंदारीच्या हिशेबाने ठेकेदाराकडून पगार घेणारी मुलगी सांगत नाही. तिचा त्या दिवसाचा पगार जातो आणि महिनाभर हजर राहिल्याचा भत्ता असेल तर तोही. ती तापाची गोळी घेऊन मास्कमागे बसते. तुमच्या पिशवीतल्या कॅथेटरची स्वच्छता अशा वेळी तिच्या रजेच्या नियमावर अवलंबून असते.

दोष सापडला की पुढे काय होते, तेही पाहा. लॉट नंबरवरून नोंदी काढतात, कोणत्या टेबलावर कोणाची सही होती ते शोधतात, कारण लिहितात आणि सुधारणा लिहितात. ही पद्धत चांगलीच आहे. पण कारणाच्या रकान्यात ‘मानवी चूक’ आणि सुधारणेच्या रकान्यात ‘ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले’ असे लिहून फाइल बंद करण्याचा मोह फार मोठा असतो. त्या दिवशी तिचा कितवा तास होता, आदल्या रात्री ती डबल पाळी करून आली होती का, हे विचारल्याशिवाय त्या फाइलला मी तरी पूर्ण म्हणणार नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराच्या संमतीची अट त्यात आहे. पण ठेकेदाराकडून आलेल्या मुलीची संमती कितपत मोकळी असते? बाराव्या तासाला केसाएवढी तार तपासणाऱ्या डोळ्यांबद्दल मला चिंता वाटते, आणि ती तिच्याइतकीच तुमच्यासाठीही आहे.

निर्जंतुकीकरणाचा विभाग

सगळ्या कारखान्यात वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत गंभीर जागा हीच. प्लास्टिकचे कॅथेटर, सलाइन सेट वाफेच्या उष्णतेत टिकत नाहीत. म्हणून ते इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. हा वायू बंद पाकिटाच्या आतपर्यंत जातो. अमेरिकेत निर्जंतुक उपकरणांपैकी जवळपास निम्मी याच वायूने तयार होतात. हातात आलेल्या सिरिंजच्या पाकिटावर ‘ईओ’ अशी खूण दिसली तर ती याचीच. त्याने घाबरू नका. पाकीट बाहेर पडण्याआधी वायू उडून जाऊ देतात आणि उरलेल्या अंशाची मर्यादा ठरलेली आहे.

धोका आहे तो तिथे काम करणाऱ्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हा वायू माणसात कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. लसिका पेशींचे कर्करोग आणि स्तनाचा कर्करोग यांच्याशी त्याचा संबंध दिसला आहे. गर्भपाताचा धोकाही अभ्यासांत आढळला आहे. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीने दहा लाख भागांत एक भाग एवढीच मर्यादा आहे. या वायूचा गोडसर वास यायला लागतो तो त्याच्या कित्येक पट जास्त प्रमाणात. म्हणजे ‘वास येत नाही, सगळे ठीक आहे’ हे वाक्य इथे निरुपयोगी आहे आणि ‘वास येतो’ म्हणजे आधीच फार उशीर झालेला असतो. चेंबरचे दार उघडताना, माल बाहेर काढताना आणि वायू उडू देण्याच्या खोलीत सर्वाधिक संपर्क होतो. हवेत वायू मोजणारा, आवाज करणारा मॉनिटर चालू आहे का, हा तिथला पहिला प्रश्न. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क या वायूला अडवत नाही.

शिकागोजवळच्या विलोब्रुक गावातला असा एक कारखाना आसपासच्या रहिवाशांच्या विरोधानंतर २०१९ मध्ये बंद झाला. २०२४ मध्ये अमेरिकेने उत्सर्जन सुमारे ९० टक्के कमी करण्याचा नियम केला आणि २०२५ मध्ये अनेक कारखान्यांना तो पाळण्यासाठी दोन वर्षांची सूटही दिली. उपकरणांचा तुटवडा होईल, हे त्यामागचे कारण. शेजाऱ्यांचे आणि कामगारांचे आरोग्य एका बाजूला, रुग्णालयाचा पुरवठा दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण श्रीमंत देशातही सुटलेली नाही.

खरेदीदार विचारतो तेव्हा

कामगारांची स्थिती सुधारायला खरेदीदाराचा दबाव किती उपयोगी पडतो, याचे ठळक उदाहरण रुग्णालयातल्या सर्वांत स्वस्त वस्तूचे आहे. मलेशियातील टॉप ग्लोव्ह ही रबरी हातमोज्यांची जगातली सर्वांत मोठी कंपनी. कोविडच्या काळात मागणी भडकली. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागाने तिच्या दोन उपकंपन्यांचा माल सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवला. नेपाळ, बांगलादेशातून आलेल्या कामगारांनी नोकरीसाठी दलालांना भरलेली कर्जे, दाटीवाटीची वसतिगृहे हे मुद्दे होते. नोव्हेंबरमध्ये त्याच वसतिगृहांत कोविड पसरला, हजारो कामगार बाधित झाले आणि सरकारने २८ कारखाने टप्प्याटप्प्याने बंद करायला लावले. जगाला हातमोजे हवे होते तेव्हाच ते बनवणारे आजारी होते. पुढे कंपनीने दलालीचे पैसे कामगारांना परत केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली.

आपल्याकडे सर्वांत मोठी खरेदीदार सरकारी आणि मोठी खासगी रुग्णालये आहेत. त्यांच्या निविदांमध्ये दर आणि प्रमाणपत्रे पाहिली जातात. कामाचे तास विचारण्याची पद्धत रुजलेली नाही.

नोकरी म्हणून हे क्षेत्र कसे आहे

चांगले आहे, पण सगळ्या दारांतून सारखे चांगले नाही.

बारावी किंवा आयटीआय करून असेंब्लीच्या लाइनवर लागणाऱ्यांसाठी सुरुवात सोपी असते आणि वरचा रस्ता अरुंद असतो. ऑपरेटरवरून लाइन लीडर, तिथून सुपरवायझर ही पायरी कायम कामगारांसाठी असते. ठेकेदाराकडचे किंवा शिकाऊ म्हणून घेतलेले मूल मुदत संपली की बाहेर पडते आणि पुढच्या कारखान्यात पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहते. या फिरण्यात कंपनीचेही नुकसान होते, कारण सूक्ष्मदर्शकाखालची नजर तयार व्हायला महिने लागतात.

तरी त्या वर्षांत मिळणारी एक शिस्त कामाची आहे, ती म्हणजे नोंद ठेवण्याची. या उद्योगात जे लिहिले नाही ते केलेच नाही असे मानतात. खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर एका रेघेने काट, बाजूला सही आणि तारीख. क्लीनरूमची वागणूक आणि ही नोंदींची सवय औषध कंपन्यांत, लशींच्या कारखान्यांत चालते. म्हणून मुलीला सांगा की प्रत्येक प्रशिक्षणाची प्रत आणि अनुभवाचे पत्र मागून घे. तोंडी अनुभवाला पुढच्या गेटवर किंमत नसते.

बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र झालेल्यांना हवेतले आणि पृष्ठभागावरचे जंतू तपासण्याचे, निर्जंतुकतेच्या चाचण्यांचे काम मिळते. तिथून गुणवत्ता विभागात आणि परवान्यांच्या कागदपत्रांच्या कामात जाता येते. २०२० नंतर परवाने सक्तीचे झाल्याने या विभागाची गरज वाढली आणि मला यातच सर्वांत स्थिर भवितव्य दिसते. प्लास्टिकचे साचे समजणारा डिप्लोमाधारक सहजासहजी मिळत नाही. छत्रपती संभाजीनगरला सिपेट आणि इंडो-जर्मन टूल रूम या दोन्ही सरकारी संस्था आहेत, त्या या कामासाठी उपयोगी आहेत. त्यापुढे शिकायचे असेल तर काही नायपर संस्थांत वैद्यकीय उपकरणांचे एम.टेक. आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या ५०० कोटींच्या योजनेत १०० कोटी मनुष्यबळ घडवण्यासाठी ठेवले आहेत.

नव्या कामगार संहिता आणि तुम्ही विचारायचे प्रश्न

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. चाळिशी ओलांडलेल्यांना वर्षातून एकदा मोफत तपासणी द्यायची आहे. असेंब्लीच्या लाइनवर चाळिशीचे फारसे कोणी नसते, त्यामुळे शेवटची तरतूद ज्यांच्या डोळ्यांना आणि मानेला तिची गरज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. धोकादायक प्रक्रियांवर काम करणाऱ्यांसाठी वेगळ्या तपासण्यांची तरतूद आहे. निर्जंतुकीकरण विभागात नेमणूक असेल तर कामावर घेताना आणि दरवर्षी तपासणी होते का आणि तिचा अहवाल हातात मिळतो का, हे विचारा.

नेमणूकपत्रावर कंपनीचे नाव आहे की ठेकेदाराचे, ते आधी पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. सहा महिन्यांच्या ठरलेल्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या लाभकाळात आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. ताप आल्यावर घरी थांबण्याची मोकळीक या एका आकड्यातून मिळते. पगारपत्रकावर कपात दिसली म्हणून ती जमा झाली असे समजू नका. ईएसआय आणि भविष्य निर्वाह निधी, दोन्हींची नोंद उमंग अॅपवर दर महिन्याला पाहता येते.

मुलगी किंवा सून निर्जंतुकीकरणाच्या विभागात असेल आणि दिवस राहण्याचा विचार असेल, तर दुसऱ्या विभागात बदलीसाठी गर्भ राहण्याआधीच लेखी अर्ज द्या आणि त्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. अर्जाची पोच घेऊन ठेवा.